समुद्रावर उतरणारी पाखाडी पंचायतीच्या रस्त्यांच्या वहीत, २३ नंबरला, चढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाडीवरची:

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. गाव लहान, इथे सकाळी लिहिलेलं संध्याकाळी मासळीबाजारात ऐकू येतं. लोकसंख्या दोन हजाराच्या आत, नऊ सदस्य आणि वर थेट निवडून आलेले सरपंच. आमचा प्रभाग महिला राखीव झाला तेव्हा वाडीने बसून माझं नाव ठरवलं, समोर कोणी अर्जच भरला नाही. म्हणजे निवडणूक लढल्याचा अनुभव नाही आणि दप्तराचा तर त्याहून नाही. बावीस वर्षं मासे विकले, अजूनही सकाळी विकते आणि मग सभेला जाते.

विषय वाटेचा आहे. आमच्या वाडीतून समुद्रावर उतरणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, वरच्या रस्त्याला पिंपळाच्या पारापासून निघते. दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून खाली येते, मध्ये चिऱ्याच्या अठरा पायऱ्या, मग माडांच्या बागेतून सपाट आणि शेवटी सुरूच्या झाडांतून पुळणीवर, म्हणजे वाळूवर. मोकळ्या हाताने सात मिनिटं, डोक्यावर टोपली असली तर दहा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला माणसं ह्याच वाटेने गेली. गणपती ह्याच वाटेने पोचवतो. स्मशान खालच्या अंगाला असल्यामुळे वाडीतलं मयतही ह्याच वाटेने उतरतं.

कार्तिकी एकादशी झाली आणि खालची माडांची बाग विकली गेल्याचं कळलं. घेणारा बाहेरचा. पहिल्याच आठवड्यात जेसीबीने कडेचा गडगा काढला, दुसऱ्या आठवड्यात सिमेंटचे खांब आले, मग काटेरी तार, आणि आमच्या वाटेवर लोखंडी गेट. गेटला कुलूप नसतं, नुसती कडी असते. राखणदार बरा माणूस आहे, "जावा मावशी, कोण अडवतंय तुम्हाला" म्हणतो. पण मला जा म्हणणारा तरी हा कोण? शिमग्यात दोन दिवस मात्र कुलूप होतं. त्या दोन दिवसांत मासळी घेऊन मी मोठ्या रस्त्याने वळसा घालून आले, चाळीस मिनिटं. बर्फ वितळून पाणी मानेवरून पाठीत.

मासिक सभेत विषय काढला. वाट जुनी आहे की नाही यावर कोणी वाद घातला नाही, सरपंच स्वतः तिच्यावरून शाळेत गेलेत. ग्रामसेवकांनी (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, आमच्या जिभेला अजून कळलेलं नाही) कपाटातून एक लांबडी वही काढली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तेवीस नंबरला नाही." झालं. त्यापुढे कोणी बोललंच नाही. मयताच्या घरी डॉक्टरने नाडी बघून मान हलवावी तसं.

मी वही मागून घेतली. नमुना २३, ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. एकतीस रस्ते आहेत. त्यातला एक चाळीस मीटरचा, एका माजी पदाधिकाऱ्याच्या अंगणात जाऊन संपतो आणि ‘कुठपर्यंत’च्या रकान्यात चक्क त्यांच्या घराचं नाव लिहिलंय. साठ-सत्तर घरांची पाखाडी मात्र नाही.

सगळीकडे फिरून आले. सरपंच म्हणतात, समुद्राकडचं सगळं बंदर खात्याचं आणि सीआरझेडचं (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम), पंचायत काय करणार. तलाठी म्हणतात, सातबाऱ्यावर इतर हक्कात वाट लावलेली नाही. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब. सातबारे काढले तर वाट तीन सर्व्हे नंबरांतून जाते. वरचे दोन सामाईक. एकावर एकोणतीस नावं, त्यातली निम्मी आता भिंतीवरच्या फोटोत आहेत. तिसऱ्यावर एकच नाव, त्या नव्या मालकाचं, आणि तो सही करणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको.

तर २३ नंबरला वाट चढवायची म्हणजे नेमकं काय करायचं? मेलेल्यांच्या सह्या कुठून आणू? आणि चढली तरी गेट निघतं का?

---

दप्तरवाला:

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, किनाऱ्यावरच्या तीन सजांत काढली. तुमच्या ग्रामसेवकाने मान हलवली ती मीही शंभरदा हलवलेली आहे, म्हणून सांगतो.

२३ नंबर ही मालकी नव्हे. रस्ता पंचायतीच्या ताब्यात आहे, ती त्याची देखभाल करते, एवढंच ती वही सांगते. जमीन ज्याची त्याचीच राहते. तरी तिच्यावाचून अडतं, कारण पंचवीस-पंधराचे (ग्रामविकास खात्याच्या निधीचे) पैसे असोत, जनसुविधा असो की आमदार निधी, प्रस्तावाला पहिला कागद २३चा उतारा लागतो. नोंद नाही तर निधी नाही, निधी नाही तर काम नाही, आणि काम झालेलं नाही म्हणून वाट पंचायतीची नाही. असं ते चक्र आहे.

आता माझा तुम्हाला प्रश्न. त्या अठरा पायऱ्या कोणी बांधल्या?

हसू नका. चिऱ्याच्या पायऱ्या आपोआप उगवत नाहीत. १९८९ला जवाहर रोजगार योजना आली तेव्हा पैसे पहिल्यांदा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागले. रक्कम थोडी असायची, रस्ता व्हायचा नाही. म्हणून कोकणातल्या पंचायतींनी पुढची दहा वर्षं काय केलं, तर पाखाड्या बांधल्या, विहिरींचे कठडे बांधले, साकव घातले. माझ्या पहिल्या सजात अशा सात पाखाड्या होत्या, आणि त्यातल्या दोनच रस्त्यांच्या वहीत होत्या. काम पूर्ण झालं, पैसे खर्ची पडले, तपासणी झाली, वहीत चढवायचं राहून गेलं. आळस, दुसरं काही नाही. त्यातली एक माझ्याच हातून राहिली होती.

तेव्हा १९८९ ते १९९९ची रोकडवही मागा. मासिक सभेची इतिवृत्तं मागा. कामाचं मस्टर, प्रमाणकं, मोजमाप पुस्तिका, जे वाळवीने ठेवलं असेल ते. पाखाडीवर दिवाबत्तीचे खांब असतील तर त्यांचं बिल पंचायत भरते का बघा. नळाची लाइन त्याच कडेने गेली असेल तर तोही पुरावा. भूमी अभिलेखकडून गावनकाशाची नक्कल काढा, जुन्या पायवाटा त्यावर तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. सापडलं तर तुमची बाजू पार बदलते. मग तुम्ही नवा रस्ता चढवत नाही, राहून गेलेली नोंद घेता. नव्या रस्त्याला जागावाल्याची संमती मागतील. पंचायतीने तीस वर्षांपूर्वी खर्च केलेल्या वाटेला आज कोणाची संमती मागायची, हा प्रश्न निदान उलटा विचारता येतो.

१ मेची ग्रामसभा सोडू नका. नोटीस सात दिवस आधी निघायला हवी, म्हणजे विषय आत्ताच लेखी द्या आणि पोच घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकलू देऊ नका, तिथे गेलेला विषय चहाबरोबर संपतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती, म्हणजे तुमच्याकडे शंभर माणसं. नाही जमली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मी घेतलेल्या निम्म्या ग्रामसभा तहकूबच्याच. पण तुमच्या विषयाला शंभर माणसं बसलेली दिसली पाहिजेत. त्याआधी महिलांची सभा होते ना, तिथे आधी ठराव करून घ्या. तुमची ताकद तिथे आहे.

शेवटचं, आणि हे आजच करा. तुमची घरपट्टी, पाणीपट्टी भरलेली आहे का? बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली सदस्यत्व जातं. तुमच्या घराची पडवी, शौचालय, काहीही सरकारी जागेत सरकलेलं असेल तरी तेच. तुम्ही वाटेचा विषय लावून धरलात की कलेक्टरकडे पहिला अर्ज वाटेचा जाणार नाही, तुमच्या पडवीचा जाईल.

---

तुतारीचा_प्रवासी:

दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. मी डोंबिवलीला असतो, गाव कणकवलीच्या पुढे. ज्या एकोणतीस नावांबद्दल तुम्ही लिहिलंय ना, तसल्या यादीतलं सोळावं नाव मी आहे.

२०१४च्या गणपतीला गावी गेलो तर आमच्या कलमांच्या बागेतून पेव्हर ब्लॉकचा रस्ता. दोन हापूसची कलमं तोडलेली, बुंधे तसेच. विचारलं तर सांगितलं, २३ नंबरला नोंद आहे, तुमच्या चुलत्यांची संमती आहे. चुलत्यांचा हिस्सा किती, तर एकोणतिसावा. पायवाट होती हे खरं, आजी त्याच वाटेने पाण्याला जायची, आम्ही कधी कोणाला अडवलं नाही. पण तीन फुटांच्या वाटेचा कागदावर दहा फुटांचा रस्ता झाला होता. सहा वर्षं कोर्टात गेली. निकाल आमच्या बाजूने लागला, कलमं काही परत आली नाहीत.

म्हणून गावाकडून संमतीपत्राचा कागद आला की आम्ही मुंबईकर सही करत नाही. तुम्हाला वाटतं, चाकरमान्यांना गावाचं काही नाही. तसं नसतं हो. कागदावर रुंदीचा रकाना कोरा असतो म्हणून भीती वाटते.

सह्या हव्या असतील तर असं करा. रुंदी आधी लिहा, आकड्यात आणि अक्षरात. ‘फक्त पायवाट, वाहनासाठी नाही’ हे शब्द घाला. वाटेचा फोटो टेप लावून काढा आणि ग्रुपवर टाका. मे महिन्यात निम्मे लोक गावी येतीलच, तेव्हा घरोघर जा. गेलेल्यांच्या वारसांची नोंद नसेल तर वारस जितके हयात आहेत तितक्यांच्या सह्या घ्या, पूर्ण नसल्या तरी काहीच नसण्यापेक्षा बऱ्या. ग्रुपवर नुसतं ‘आपल्या वाडीच्या रस्त्यासाठी सहकार्य करा’ असं टाकलंत तर मीसुद्धा अंगठा दाखवून गप्प बसेन.

---

काळा_कोट:

तिन्ही पोस्ट वाचल्या. दप्तराचं दप्तरवाले काकांनी सांगितलंय, त्यात भर घालायची गरज नाही. पण ताई, तुमचं घड्याळ चालू आहे आणि ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, १९०६. कलम ५. वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा केला तर तहसीलदार तो काढायचा हुकूम देऊ शकतात आणि पुन्हा करू नये असा मनाईहुकूमही. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. एक दिवस उलटला की ते दार बंद, मग दिवाणी न्यायालय आणि तारखा. कार्तिकीनंतर गेट बसलं म्हणता, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत मुदत धरा. ग्रामसभा, ठराव, २३ नंबर हे सगळं मागाहून झालं तरी चालेल, तहसीलचा अर्ज आधी. अर्जात गेट कोणत्या दिवशी बसलं, शिमग्यात कुलूप कोणत्या दोन दिवशी होतं, हे तारखेनिशी लिहा. ‘गेल्या काही महिन्यांपासून’ असं लिहू नका. कोणी तुम्हाला महसूल संहितेचं कलम १४३ सुचवेल, ते शेतात जायच्या वाटेसाठी आहे, तुमचं प्रकरण त्यात बसत नाही.

अर्ज पंचायतीच्या नावाने नको, वाडीतल्या पाच-सहा रोजच्या वापरवाल्यांच्या नावाने करा. त्यात एखादी सत्तरीची व्यक्ती असू द्या, जिला चाळीस वर्षांपूर्वीची वाट आठवते. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर १८८२च्या सुखाधिकार (ईझमेंट) कायद्यात वीस वर्षांचा अखंड वापर बघतात. राखणदार ‘जावा’ म्हणतो ते तुम्हाला खटकलं ना, तुमचं मन कायद्यापेक्षा हुशार आहे. परवानगीने जाणं आणि हक्काने जाणं वेगळं. उद्या तो म्हणेल, आम्ही तर सौजन्य म्हणून जाऊ देत होतो. त्याच्याकडून पास, वेळापत्रक, रजिस्टरवर सही, असलं काहीही स्वीकारू नका.

सीआरझेडचं सरपंच उलटं सांगतायत. ते पंचायतीचे हात बांधतं हे अर्धवट खरं, पण त्याने बागवाल्याचेही हात बांधलेत. गावाची वस्ती विरळ असेल (दर चौरस किलोमीटरला २१६१च्या खाली, तुमची असणारच) तर २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. रिसॉर्टच्या अटींत कुंपणाबद्दल स्पष्ट लिहिलंय की तार घालता येईल, मात्र लोकांचा किनाऱ्यावर जायचा मार्ग अडता कामा नये. तक्रार कलेक्टरकडे. किनाऱ्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसारख्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात ते तीन कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला की झालं, उत्तरापेक्षा प्रश्नानेच हालचाल होते.

---

पेडण्याचो:

नदीपलीकडून बोलतोय. आमच्याकडे सातबारा नाही, फॉर्म एक-चौदा. पंचायत समितीही नाही, ग्रामपंचायत आणि वर जिल्हा पंचायत, बस. ग्रामसभा रविवारी असते म्हणून भांडायला माणसं भरपूर. बाकी गोष्ट तीच.

आमच्या वाड्यावर अशीच वाट होती. पहिल्या वर्षी कडीचं गेट. दुसऱ्या वर्षी राखणदार. तिसऱ्या वर्षी ‘गावच्या लोकांनी ओळख सांगावी’. आता तिथे कार्ड लावून उघडणारं दार आहे आणि आमचे मच्छीमार अर्धा किलोमीटर लांबून होडीकडे जातात. ग्रामसभेत आम्ही दर वेळी ठराव घेतला, टाळ्या वाजवल्या. पंचायतीच्या सचिवाने दर वेळी लिहून घेतला. तहसीलात (आमच्याकडे मामलेदार) कोणी गेलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा गेलाय.

काळा कोट सांगतात ते ऐका.

---

दप्तरवाला:

एक राहिलं. तुतारीवाल्यांनी रुंदीचं लिहिलं ते वाचून लक्षात आलं. ताई, त्या बागवाल्याची गाडी आत कशी जाते?

---

वाडीवरची:

काका, जात नाही. जेसीबी पुळणीवरून आणला होता, ओहोटीला. सामान अजून हातगाडीने वरून खाली नेतात, आमच्याच पाखाडीने, पायऱ्यांवर फळी टाकून.

---

दप्तरवाला:

मग तुम्हाला कळलं का? रस्ता त्यालाही हवाय, तुमच्यापेक्षा जास्त. बांधकाम परवानगी असो की पाण्याची जोडणी, पोचमार्ग दाखवल्याशिवाय त्याचं पान हलणार नाही. थोड्या दिवसांत कोणीतरी फार गोड बोलत येईल आणि म्हणेल, वाट २३ला चढवूया की, आम्हीही सही करतो, फक्त रुंदी तीन मीटर लिहा. सरपंचांना ते आवडेलही, कारण मग तिथे पंचवीस-पंधरातून काँक्रीट पडेल. पायऱ्या जातील. वरच्या एकोणतीस नावांची जमीन जाईल. आणि तुमची वाट त्याच्या फाटकाचा रस्ता होईल, सरकारी खर्चाने.

वही तीच, रकाना तोच. आत काय लिहिता ते बघा.

---

वाडीवरची:

अकरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांना आधी सांगते, तहसीलात अर्ज गेला. सहा सह्या, त्यात एक आजी ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी अंगठा न देता सही केली, ‘माका येता’ म्हणाल्या आणि पाच मिनिटं लावून पूर्ण नाव लिहिलं. मागे रांग उभी.

घरपट्टी भरली. पडवी मोजली. दीड फूट बाहेर आहे, पण ती शेजारच्या दिराच्या जागेत, सरकारी नाही. दिराला खाजं दिलं.

काका, पायऱ्या. सलग तीन दिवस मासळी विकून झाल्यावर दुपारी पंचायतीत जाऊन बसले. कपाटाखालच्या पेटीत जुनी दप्तरं होती, सुतळीने बांधलेली, वरचा गठ्ठा उंदरांनी खाल्लेला. रोकडवहीत १९९४च्या मार्चला सापडलं. ‘जवाहर रोजगार योजना, गाबीतवाडी ते समुद्र पाखाडी, चिरे व मजुरी.’ रकमेच्या आकड्यातून वाळवी आरपार गेली आहे, पुढचा एक आणि मागची दोन शून्यं तेवढी दिसतात. पाखाडीला असं नाव आहे हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला नुसती ‘वाट’ म्हणतो.

त्याच गठ्ठ्यात मस्टर होतं. चौदा नावं, समोर अंगठे. आठवं नाव माझ्या सासूचं. तिने मला कधीही सांगितलं नाही की ह्या पायऱ्यांचे चिरे तिने वाहिले. मी त्या अठरा पायऱ्या बावीस वर्षं चढले-उतरले आणि दर पावसाळ्यात अकराव्या पायरीला शिव्या घातल्या, ती हलते म्हणून. ग्रामसेवकांनी पान बघितलं आणि स्वतःहून झेरॉक्स काढून शिक्का मारून दिला. आधी मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं त्यातलं थोडं मागे घेते, सगळं नाही.

दिवाबत्तीचे चार खांब आहेत, बिल पंचायत भरते. दोन पेटतात.

तुतारीवाले दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद केला. शंभराचा स्टॅम्प आता मिळत नाही, पाचशेचाच घ्यावा लागला, तो वाडीच्या वर्गणीतून. ‘रुंदी सव्वा मीटर, फक्त पायवाट, वाहनासाठी नाही.’ फोटो टाकला टेप लावून. एकोणतीसमधल्या सतरा नावांच्या, गेलेल्यांच्या जागी वारसांच्या, सह्या आल्या किंवा मेमध्ये येऊन करतो म्हणून शब्द आला. एक जण दुबईहून फोनवर रडला. बाकीच्यांनी अंगठा दाखवला आणि गप्प बसले, तुम्ही म्हणालात तसंच.

आणि काका, गोड बोलत माणूस आला. मालक नाही, त्याचा कोणी व्यवस्थापक, स्वच्छ शर्ट. माझ्याच टोपलीतले बांगडे घेतले, भाव केला नाही तेव्हाच मला कळलं. तीन मीटर म्हणाला. काँक्रीट म्हणाला. दिवे आम्ही बसवू म्हणाला. मी म्हटलं, १ मेला सभा आहे, या, उभं राहून सांगा. सरपंच तीन मीटरवर विचार करतायत, हे तोंडावरून दिसतं. नोटीस निघाली आहे, आमचा विषय अकरापैकी नववा, ऐनवेळचा नाही. महिला सभेत बासष्ट बायका होत्या, सव्वा मीटरचा ठराव झाला, एकीने विचारलं की टोपली घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर, म्हणून शेवटी दीड केला. कागद परत टाइप करावा लागला.

आता एका रकान्यावर अडलेय. ‘कुठून’ म्हणजे पिंपळाचा पार, त्यावर वाद नाही. ‘कुठपर्यंत’ काय लिहू? रोकडवहीत ‘समुद्र’ आहे. म्हातारी माणसं म्हणतात, वाट रापणीच्या मांगरापर्यंत (जाळी ठेवायच्या खोपटापर्यंत) होती. मांगर २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळात गेला, चौथरा वाळूखाली आहे, आणि सुरूच्या दोन ओळी तेव्हापासून समुद्राने खाल्ल्या. १९९४ला जिथे वाट संपत होती तिथे आज उधाणाला पाणी असतं. मीटरचा आकडा आज मोजून लिहिला तर तो पुढच्या वर्षी खोटा. शाळेतला टेप आणलाय, उद्या सकाळी सुकतीला (ओहोटीला) मोजायला उतरतोय.

---

दप्तरवाला:

‘कुठपर्यंत’च्या रकान्यात ‘समुद्रापर्यंत’. तीस वर्षांपूर्वी एकाने लिहिलंय, तेच शब्द ठेवा, बदललेत तर दोन वाटा होतील. लांबी पिंपळापासून शेवटच्या पायरीपर्यंत मोजून लिहा, ती हलत नाही, अकरावी सोडून. पुढचं शेऱ्यात, ‘तेथून माडांच्या बागेतून, सुरूतून व पुळणीने समुद्रापर्यंत, भरतीप्रमाणे’.

शाळेचा टेप नको, कापडी असतो, ताणला जातो. पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलवा, मोजमापावर त्याची सही पुढे लागेलच. सकाळी येणार नाही, साडेअकराच्या पुढे येईल, तेव्हा भरतीची वेळ बघून ठेवा.